सतरा खोल्या, एक महिना: हॉलिवुडमधल्या पडीक घराचं ‘वुमनहाउस’ कसं झालं

पाडायला निघालेलं घर कलाकारांच्या हाती आलं की काय करता येतं, याची उदाहरणं बरीच आहेत. त्यातलं 1971-72 सालचं लॉस एंजलिसमधलं ‘वुमनहाउस’चं उदाहरण मी अभ्यासासाठी निवडलं, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय आपल्याला आज तपासता येतो. सहभागी स्त्रियांनी स्वतः लिहून ठेवलं, पुस्तिका काढली, त्यावर चित्रपट झाला, आणि आपसातली भांडणंही त्यांनी लपवली नाहीत. ज्यांचं काम सार्वजनिक आहे त्या कलावंतांची नावं इथे दिली आहेत. घरमालक आणि शेजारी यांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

1970 साली ज्युडी शिकागो या चित्रकर्तीने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो स्टेट कॉलेजात फक्त मुलींसाठी कलेचा एक वर्ग सुरू केला. पंधरा विद्यार्थिनी होत्या. कलाशाळांत मुली भरपूर शिकायच्या, पण पुढे गॅलऱ्यांत आणि संग्रहालयांत नावं दिसायची ती पुरुषांची. हे का होतं, हा तिचा प्रश्न. वर्गासाठी त्यांनी कॉलेजच्या आवाराबाहेर एक जागा भाड्याने घेतली आणि तिची दुरुस्ती स्वतःच केली. ज्या मुलींना घरी कधी कुणी हातोडा धरू दिला नव्हता, त्यांनी करवत आणि ड्रिल चालवणं हा अभ्यासक्रमाचाच भाग होता.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं. गोल करून बसायचं, एक विषय घ्यायचा, प्रत्येकीने आळीपाळीने आपला अनुभव सांगायचा आणि मधे कुणी तोडायचं नाही. त्या काळच्या स्त्रीमुक्ती चळवळीतली ही रीत शिकागोने थेट कलावर्गात आणली. चित्राचा विषय बाहेर शोधायचा नाही, या बोलण्यातून काढायचा.

1971 मध्ये हा कार्यक्रम कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये, म्हणजे कॅलआर्ट्समध्ये गेला. तिथे मिरियम शापिरो ही वयाने आणि अनुभवाने मोठी चित्रकर्ती शिकागोची सहसंचालिका झाली.

अडचण

वर्ग होता, शिक्षिका होत्या, जागा मात्र नव्हती. कॅलआर्ट्सच्या व्हॅलेन्शियामधल्या नव्या आवाराचं बांधकाम रखडलेलं, स्टुडिओ तयार नाहीत, आणि सत्र तर सुरू झालेलं. ही झाली वरवरची अडचण.

खरी अडचण वेगळी होती असं मला वाटतं. वर्गातल्या मुलींना जे सांगायचं होतं ते स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटं, आरसे यांच्याबद्दल होतं. हे सगळं पांढऱ्या भिंतींच्या दालनात नेलं की त्याचं चित्र होतं, आणि चित्र झालं की बघणारा त्याच्यापासून दोन पावलं लांब उभा राहतो. या विषयाला ते अंतर नको होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा. आवार पूर्ण होईपर्यंत चर्चा, वाचन, रेखाटनं करत राहायचं. दुसरा फ्रेझ्नोचाच कित्ता गिरवण्याचा: एखादी रिकामी जागा भाड्याने घ्यायची आणि तिचा स्टुडिओ करायचा. हा मार्ग अंगवळणी पडलेला होता, धोकाही कमी होता.

तिसरा पर्याय सुचवला कार्यक्रमातल्या कला-इतिहासकार पॉला हार्पर यांनी. एक अख्खं घरच घ्यावं आणि त्या घरालाच कलाकृती करावं. यात जागेचा प्रश्न आणि विषयाचा प्रश्न एकाच वेळी सुटत होता. स्टुडिओ म्हणून घर वापरलं असतं तर खोल्या हे नुसते कप्पे राहिले असते. घर हाच विषय ठरल्यावर प्रत्येक खोलीने आधीच अर्धं काम करून ठेवलेलं होतं. स्वयंपाकघरात शिरणाऱ्याला ‘हे स्वयंपाकघर आहे’ असं सांगावं लागत नाही. त्याच्या आठवणी उंबऱ्यातच जाग्या होतात. स्थळविशिष्ट मांडणशिल्प, म्हणजे एका ठरावीक जागेसाठीच आणि तिथेच मांडलेलं काम, करणाऱ्यांनी ही निवड नीट पाहावी, कारण पुढचं सगळं यश इथे ठरलं.

घर मिळवणं

विद्यार्थिनींचे गट घर शोधायला बाहेर पडले. हॉलिवुडच्या निवासी भागात, नॉर्थ मॅरिपोसा अव्हेन्यूवर 533 क्रमांकाचं एक मोठं पडीक घर दिसलं. सतरा खोल्या, साधारण पंचाहत्तर वर्षं जुनं. दार वाजवलं, आत कुणीच नाही. मग आजूबाजूची दारं वाजवली. एका शेजाऱ्याने ठामपणे सांगितलं की मालकीणबाईंना असल्या गोष्टीत मुळीच रस नसणार.

बहुतेक गट इथूनच परत फिरले असते. या मुली सरकारी नोंदींच्या कार्यालयात गेल्या, मालकी कुणाच्या नावावर आहे ते शोधून काढलं आणि मालकिणीला पत्र लिहिलं: आम्ही कोण, काय करणार, किती काळासाठी. शेजाऱ्याचा अंदाज साफ चुकला. त्या कुटुंबाने खास करार करून घर थोड्या काळासाठी वापरायला दिलं. त्यानंतर घर पाडलं जाणार हे आधीच ठरलेलं होतं.

म्हणजे काम सुरू होण्याआधीच शेवटाची तारीख ठरली होती. त्या तारखेने दोन गोष्टी दिल्या. एक मोकळीक: भिंतीला काय वाटेल ते करा, कुणाचं नुकसान होत नाही. आणि एक कर्ज, ते कसं फेडायचं याचा विचार मात्र नीट झाला नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी दुरुस्ती

8 नोव्हेंबर 1971 रोजी वीसहून अधिक जणी झाडू, बादल्या, शिड्या, करवती आणि रंग घेऊन घरात शिरल्या. आत कचरा साचलेला, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, जिन्याचे कठडे उपटलेले. संडास तुंबलेले, गरम पाणी नाही, घर उबदार ठेवायची सोय नाही. लॉस एंजलिसचा हिवाळा फार कडक नसतो, पण काचा नसलेल्या घरात दिवसभर काम करणाऱ्याला तो पुरेसा कडक असतो.

इथे पहिला मोठा प्रश्न: जे घर पाडलंच जाणार आहे त्याच्या काचा कशाला बदलायच्या? कठडे कशाला बसवायचे? मोडकळीला आलेलं घर तसंच ठेवून त्यातच कलाकृती मांडता आली असती. पडझडीचं स्वतःचं एक सौंदर्य असतं आणि त्या मोहात पडणारे कलाकार कमी नाहीत.

या गटाने दुरुस्ती निवडली. त्यांनी काचा बसवल्या, भिंती लिंपल्या, वॉलपेपर लावला, कठडे नव्याने घातले. याला व्यावहारिक कारण होतं: लोकांना आत आणायचं तर जिना धड हवा. शिकवण्यामागचा हेतू त्याहून मोठा होता. शिकागोचं म्हणणं असं की मुलींना मोठी, अवघड, थकवणारी कामं शेवटपर्यंत तडीस नेण्याची सवय कुणी लावलेली नसते, ती लागली पाहिजे. तिसरं कारण कामातूनच दिसतं. हे घर पडकं राहिलं असतं तर ते भुताटकीचं घर वाटलं असतं आणि बघणाऱ्याने ‘कुणाचं तरी उद्ध्वस्त घर’ म्हणून ते लांबून पाहिलं असतं. ते नीटनेटकं, राहतं घर दिसलं म्हणूनच त्यातलं विचित्रपण अंगावर आलं. हा निर्णय मला संपूर्ण प्रकल्पातला सर्वात शहाणा वाटतो.

त्याची किंमत मुलींनी मोजली. दिवसाचे आठ-आठ तास काम, थंडी, धूळ, आणि डोक्यावर दोन कणखर शिक्षिका. कुरबुर झाली, रडारड झाली, शिक्षिकांवर उघड राग निघाला. आम्ही चित्रकला शिकायला आलो की सुतारकाम, असा सवाल होता. शिकागोने पुढे लिहिताना हा संघर्ष झाकला नाही. तिच्या मते तो राग अटळ होता, कारण अधिकार गाजवणारी स्त्री समोर आली की मुलींना तिच्याशी कसं वागावं हे ठाऊक नव्हतं. यात तथ्य असेल. पण ज्याच्या हाती गुण देणं आहे त्याने विद्यार्थ्याच्या थकव्याला ‘मानसिक अडथळा’ ठरवणं फार सोपं असतं, हेही तितकंच खरं.

खोल्या कशा घडल्या

प्रत्येक खोली आधी कुणाला वाटून टाकली नाही. कुणी एकटीने जागा उचलली, कुणी दोघी-तिघींनी मिळून. लॉस एंजलिसमधल्या काही चित्रकर्तींनाही बोलावलं. काही खोल्या लगेच सुचल्या, काहींवर गाडी अडली.

स्वयंपाकघरावर अशीच अडली होती. तेव्हा सगळ्या गोल करून बसल्या आणि प्रत्येकीने आपल्या आईच्या स्वयंपाकघराबद्दल सांगितलं. उबेच्या आठवणी निघतील अशी अपेक्षा होती. निघाली ती रणभूमी. कुणाला किती वाढायचं, कुणी काय नाकारायचं, प्रेम ताटातून द्यायचं आणि राग चमच्यातून. तिथून दिशा मिळाली. रॉबिन वेल्ट्श, व्हिकी हॉजेट्स आणि सुझन फ्रेझियर यांनी केलेलं हे स्वयंपाकघर आजही या प्रकल्पाची ओळख आहे.

सगळं स्वयंपाकघर एकाच गुलाबी रंगाने रंगवलं, कातडीसारख्या गुलाबी. भिंती, छत, जमीन, चूल, सिंक, फ्रिज, फळीवरच्या वस्तू, काही सोडलं नाही. छतावर तळलेली अंडी चिकटवली. तीच अंडी भिंतीवरून खाली उतरता उतरता हळूहळू आकार बदलत स्तन होत जातात. नेमकी कुठल्या जागी अंड्याचा स्तन होतो ते सांगता येत नाही, आणि त्यातच सगळी ताकद आहे. ड्रॉवर उघडला की आत दूरदेशींच्या चित्रांचा कागद अंथरलेला. दिवसभर या खोलीत उभी असलेली बाई मनाने कुठे जाते, ते त्या ड्रॉवरमध्ये आहे. खुंट्यांवर एप्रन टांगलेले आणि त्या एप्रनांना शरीराचे अवयव जोडलेले, काम संपलं की काढून ठेवता येतील असे.

जिन्यावर कॅथी ह्यूबरलँडने नववधू उभी केली. ती वर, आणि तिच्या पोशाखाचा लांब घोळ पायऱ्यांवरून खाली येतो. वर शुभ्र असलेलं कापड खाली येताना मळत, करडं होत स्वयंपाकघराच्या दिशेने जातं. त्या जागी जिना होताच, आणि तो होता म्हणून ही कल्पना सुचली. दुसऱ्या इमारतीत हे काम नेलं तर ते उरत नाही.

चादरी-टॉवेलांच्या कपाटात सँडी ऑर्गेलने स्त्रीचा पुतळा फळ्यांच्या मधोमध अडकवला. शरीराचे तुकडे निरनिराळ्या कप्प्यांत, चादरींच्या घड्यांमध्ये, आणि एक पाय कपाटातून बाहेर पडणारा. फेथ वाइल्डिंगने एका खोलीत क्रोशाच्या दोऱ्यांचं मोठं जाळं विणून आत शिरता येईल असा आडोसा केला. शापिरो आणि शेरी ब्रोडी यांनी सहा खोल्यांचं बाहुलीघर केलं.

न्हाणीघरं तीन, आणि तिन्ही वेगळी. एक कमिल ग्रेने लिपस्टिकच्या लालीने भरलं. दुसऱ्यात रॉबिन शिफने टबमध्ये वाळूची स्त्री निजवली, ती लोकांच्या स्पर्शाने झिजत गेली. तिसरं शिकागोचं, पाळीचं न्हाणीघर. पूर्ण पांढरं, स्वच्छ, फळीवर सुगंधी द्रव्यांच्या आणि पॅडच्या खोक्यांची रांग, आणि खाली रक्ताने भरलेल्या पॅडांनी ओसंडणारी एक कचऱ्याची टोपली. दाराला पातळ जाळीचं कापड लावलेलं. आत जाता येत नाही, फक्त पाहता येतं. ते कापड हा लहानसा पण फार विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. दार सताड उघडं असतं तर धक्का बसला असता आणि विरला असता. कापडामुळे प्रत्येक जण जे बघू नये ते चोरून बघतो आहे अशा अवस्थेत उभा राहतो, आणि जवळजवळ प्रत्येक मुलगी या लपवाछपवीतच मोठी झालेली असते.

दार कुणाला आधी उघडायचं

30 जानेवारी 1972 रोजी घर खुलं झालं. पहिल्या दिवशी प्रवेश फक्त स्त्रियांना, नंतर सर्वांना. यावर तेव्हाही वाद झाला असेल आणि आजही होईल. माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच प्रयोगांनी दिला.

घराच्या दिवाणखान्यात छोटे नाट्यप्रयोग होत. वाइल्डिंगच्या ‘वेटिंग’मध्ये एक बाई खुर्चीत बसून, पुढेमागे झुलत, जन्मापासून म्हातारपणापर्यंत ज्या ज्या गोष्टींची तिने वाट पाहिली त्या एकामागून एक सांगत जाते. दुसऱ्या एका प्रयोगात बाई फक्त जमीन घासते. आणखी एकात फक्त इस्त्री करते. फक्त स्त्रिया होत्या तेव्हा हशा, टाळ्या, उत्साह मोकळा होता. पुरुष आले त्या रात्री नको तिथे शांतता पडली, हसू अवघडलं, टाळ्या दबक्या झाल्या. काम तेच होतं. पहिली रात्र नसती तर या मुलींना वाटलं असतं की आपलंच काहीतरी चुकलं. ती झाल्यामुळे बदल प्रेक्षकांत आहे हे त्यांना कळलं.

निष्पत्ती

28 फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे एका महिन्यात, सुमारे दहा हजार लोक येऊन गेले. ‘टाइम’ साप्ताहिकाने दखल घेतली. शीला लेव्हरंट डी ब्रेटव्हिल यांनी आखलेली पुस्तिका निघाली. जोहाना डेमेट्राकस यांनी घरात चित्रीकरण केलं आणि त्यांचा माहितीपट 1974 मध्ये आला.

मग करार संपला. घर गेलं आणि त्याबरोबर बहुतेक कामही. सुटं करून नेता येण्यासारखं होतं ते थोडं वाचलं. बाहुलीघर आज स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. वाइल्डिंगचं क्रोशाचं घरटं तिने 1995 मध्ये पुन्हा विणलं. गुलाबी स्वयंपाकघर आपण फक्त छायाचित्रांत पाहतो.

शिकागोने 1973 मध्ये कॅलआर्ट्स सोडलं आणि डी ब्रेटव्हिल व कला-इतिहासकार आर्लीन रेव्हन यांच्यासह स्वतंत्र कार्यशाळा काढली. त्याच वर्षी लॉस एंजलिसमध्ये ‘वुमन्स बिल्डिंग’ हे स्त्रियांच्या कलेचं केंद्र उभं राहिलं. संस्थेच्या छत्राखाली जे जमत नाही ते बाहेर जमेल, हा आत्मविश्वास मॅरिपोसावरच्या घरातून आला असं मानायला जागा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट शेवटाची. घर जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी काय वाचवायचं, कोण उतरवणार, कुठे ठेवणार याची आखणी कामाइतक्या तयारीने झालेली दिसत नाही. स्थळविशिष्ट काम जागेबरोबर जावं हे तत्त्व मला मान्य आहे. वधूचा घोळ जिन्याशिवाय जगू नये. पण काम जाऊ द्यायचं असं ठरवणं वेगळं आणि उसंत न मिळाल्यामुळे जाणं वेगळं. खोल्यांची मोजमापं, रंगांचे नमुने, कुणी काय कसं केलं याच्या नोंदी ठेवायला एक जण सुरुवातीपासून नेमली असती, तर पुढच्या अभ्यासकांना छायाचित्रांवरून अंदाज बांधावे लागले नसते.

दुसरी गोष्ट वेळाची. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारीअखेर, म्हणजे बारा आठवडेही पूर्ण नाहीत, आणि त्यातच दुरुस्ती, निर्मिती आणि तालमी. प्लंबिंग आणि विजेसारखी कामं तरी कारागिरांना द्यायला हरकत नव्हती. काचा बसवून आत्मविश्वास येतो हे पटतं. तुंबलेला संडास सोसून काय येतं ते मला कळत नाही. वाचलेले दिवस मुलींना विश्रांतीला आणि शिक्षिकांशी मोकळेपणाने बोलायला मिळाले असते.

तिसरी गोष्ट घरात कोण होतं याची. सहभागी जवळजवळ सगळ्या गोऱ्या, मध्यमवर्गीय मुली होत्या, आणि स्वयंपाकघरातल्या बाईबद्दल बोलताना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पगारावर राबणारी बाई मात्र त्यात आली नाही. जमीन घासण्याचा प्रयोग या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि थांबतो. ही टीका नंतर वारंवार झाली आणि ती रास्त आहे. पन्नास वर्षांनी, 2022 मध्ये, शिकागो आणि मूळ गटातली नॅन्सी यूडलमन यांनी न्यू मेक्सिकोतल्या बेलेन गावात एका घरात ‘वो/मॅनहाउस 2022’ केलं. तिथे त्या राज्यातल्या सर्व लिंगांच्या कलावंतांना घेतलं होतं.

चौथी गोष्ट नावांची. आज वुमनहाउस म्हटलं की शिकागो आणि शापिरो आठवतात. पुस्तिकेत खोलीखोलीला कर्त्रींची नावं आहेत, म्हणजे श्रेय लिहिलं गेलं. तरी ते सांगोवांगी पुढे जाताना दोन नावांवर आलं. असा प्रकल्प करणाऱ्या शिक्षकांनी प्रत्येक निवेदनात, प्रत्येक छायाचित्राखाली आणि प्रत्येक मुलाखतीत खोली करणारीचं नाव आधी घेण्याचा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. वेल्ट्श, हॉजेट्स, फ्रेझियर, ह्यूबरलँड, ऑर्गेल, वाइल्डिंग, शिफ, ग्रे ही नावं वर मुद्दाम एकेक करून घेतली आहेत ती त्यासाठीच.